संकरित मोटारीची पादत्राणे

'हायब्रीड' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला तो ज्वारीबरोबर. १९६४ साली 'सीएसएच-१' हे ज्वारीचे संकरित वाण आले आणि पाहता पाहता हा परका शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. उत्पन्न वाढले म्हणून कौतुक आणि भाकरीला पूर्वीची चव नाही म्हणून तक्रार, अशा दोन्ही अर्थांनी तो वापरला जाई. आज हाच शब्द मोटारीला चिकटला आहे. येथेही संकर दोन जातींचाच आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत नांदतात. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटा कंपनीची 'प्रियस' ही मोटार विक्रीस आली, तेव्हापासून या जातीचा खरा प्रसार सुरू झाला. आपल्याकडे २०२२ साली ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांच्या संकरित आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी पुष्कळांचे पहिले टायर आता झिजून गुळगुळीत होण्याच्या बेतात आहेत आणि मालक टायरच्या दुकानाची पायरी चढू लागले आहेत.

नेमक्या याच ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट घडते. लिटरमागे चार-सहा किलोमीटर अधिक मिळावेत म्हणून ज्याने गाडीसाठी लाखभर रुपये जादा मोजले, तोच गृहस्थ टायर घेताना "कोणता स्वस्त आहे?" किंवा "कोणता रुंद आणि रुबाबदार दिसतो?" एवढेच विचारतो. पुढे महिनाभराने "गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले" म्हणून तो इंजिनाला बोल लावतो. कलाशाखेच्या वार्षिकांकात टायरवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणाची किंमत ग्राहकाने कशी ठरवावी, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. आणि पावसाळ्यात घाट उतरताना तो जीवनमरणाचाही होतो.

ऊर्जा गळते कोठे?

साधी मोटार म्हणजे एक गळका रांजण आहे. पेट्रोलमधील ऊर्जेचा मोठा भाग इंजिनाच्या उष्णतेत जातो. सिग्नलला गाडी उभी असली तरी इंजिन धडधडत राहते. ब्रेक दाबला की कष्टाने मिळवलेली गती ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात संपते. संकरित मोटारीने यांतील काही भोके बुजवली. सिग्नलला इंजिन बंद होते. वेग कमी करताना विजेची मोटर जनित्र बनते आणि गतीचा बराचसा भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जमा करते. खुद्द इंजिनही अधिक काटकसरी घडणीचे असते.

दोन भोके मात्र कोणत्याही मोटारीला पुरती बुजवता येत नाहीत. एक म्हणजे हवेचा विरोध आणि दुसरे म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध. या दुसऱ्याला तंत्रज्ञ 'रोलिंग रेझिस्टन्स' म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला 'फिरण्याचा विरोध' म्हणू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो महामार्गावर जाणवतो. शहराच्या वेगात मात्र फिरण्याचा विरोधच वरचढ असतो. संकरित मोटारीची खरी करामत दिसते तीही शहरातच.

हा विरोध येतो कोठून? रस्त्याला टेकलेला टायरचा भाग गाडीच्या वजनाने चपटा होतो आणि चाक पुढे गेले की पुन्हा गोल होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला टायरच्या प्रत्येक भागाची अशी चेपाचेपी सेकंदाला दहा वेळा होते. रबर चेपायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते सुटताना परत देत नाही. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो मूळ उंचीपर्यंत उसळत नाही, त्याचेही कारण हेच. उरलेली ऊर्जा उष्णता बनते. दूरचा प्रवास संपल्यावर टायरला हात लावून पाहावा. त्याची ऊब रस्त्याची आणि उन्हाची असते, तशीच आपल्या पेट्रोलचीही असते. ब्रेकमध्ये गेलेली गती संकरित मोटार परत मिळवू शकते, पण टायरमध्ये मुरलेली ही ऊब परत मिळवण्याची युक्ती कोणापाशीही नाही. म्हणून इतर भोके जितकी बुजतात तितका या भोकाचा वाटा मोठा होतो.

हिशेब पाव लिटरचा

फिरण्याचा विरोध मोजण्याचे माप सोपे आहे. एक टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर संथपणे चालती ठेवण्यास किती किलोचा जोर लागतो, ते हे माप सांगते. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर टनामागे एकदोन किलोत भागवते. मोटारीच्या चांगल्या टायरला ७ ते ८ किलो लागतात, साधारण टायरला १० किलो, आणि काहींना १२ किंवा त्याहून जास्त.

आता प्रवाशांसह दीड टन भरणारी एक संकरित मोटार घेऊ. मूळचे टायर ८ किलोचे असतील तर लागणारा जोर १२ किलो. बदलून १० किलोचे घातले तर १५ किलो. फरक ३ किलोचा. दिसायला हा फरक क्षुल्लक आहे. पण ३ किलोचा हा जोर १०० किलोमीटर लावावयाचा म्हणजे सुमारे ३० लक्ष ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लक्ष ज्यूल असतात. त्यांतील एकतृतीयांशाहून थोडी अधिक, म्हणजे ११५ लक्षांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचते असे धरले, तर शंभर किलोमीटरला पाव लिटर पेट्रोल जादा जळते. लिटरला २२ किलोमीटर चालणारी गाडी २१ च्या खाली येते. टायरचे आयुष्य ४०,००० किलोमीटर मानल्यास जादा पेट्रोल होते १०० लिटर. हिशेबाच्या सोयीसाठी भाव लिटरला १०० रुपये धरला तर हे झाले १०,००० रुपये.

याचा अर्थ असा की, कमी विरोधाचा टायर नगामागे अडीच हजार रुपयांनी महाग असला तरी ग्राहकाचे नुकसान होत नाही. त्याहून कमी फरक असेल तर निव्वळ फायदाच आहे. दुकानात मात्र चारपाचशे रुपये वाचले म्हणून आपण खूश होतो. कोहळा देऊन आवळा घेणे म्हणतात ते हेच!

हा हिशेब सपाट रस्त्याचा आणि ढोबळ आहे, हे खरे. पण त्याची दिशा चुकीची नाही. अमेरिकेतील ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २००६ साली या प्रश्नावर एक अहवाल प्रसिद्ध केला. फिरण्याचा विरोध १० टक्क्यांनी कमी केला तर मोटारीचे अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्क्यांनी सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो सर्वसाधारण मोटारींचा आहे. संकरित मोटारीत इतर गळती कमी असल्याने फरक या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे, प्रसंगी त्याहूनही पुढे जातो. याच अहवालाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. कारखान्यातून नव्या गाडीबरोबर येणारे टायर हे दुकानात मिळणाऱ्या बदली टायरांपेक्षा सामान्यतः कमी विरोधाचे असतात. कारण उघड आहे. गाडीच्या कंपनीला सरकारी चाचणीत चांगला आकडा दाखवायचा असतो, म्हणून ती टायर कंपनीकडून तसे टायर मुद्दाम बनवून घेते. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेचा आकडा जाहिरातीत झळकतो. २०२२ साली ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या संकरित आवृत्त्यांचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर असा जाहीर झाला होता. त्या आकड्यात मूळ टायरांचाही हातभार असतो, ही गोष्ट टायर बदलताना आपण विसरून जातो.

एका रबरात तीन इच्छा

मग सर्वांत कमी विरोधाचा टायर घ्यावा आणि मोकळे व्हावे, असे वाटेल. येथेच खरी मेख आहे. टायरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: तो हलका फिरावा, ओल्या रस्त्यावर घट्ट धरावा आणि पुष्कळ दिवस टिकावा. या तिन्हींचे आपापसात पटत नाही. रबराने ऊर्जा कमी खावी म्हटले तर त्याची पकड सुटू लागते, कारण रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतून ऊर्जा खाणे हीच तर पकड! नक्षीचा थर पातळ केला तर चेपाचेपी कमी होते, पण टायर लवकर झिजतो.

या भांडणात समेट घडवला तो वाळूच्या भाईबंदाने, म्हणजे सिलिकाने. टायर काळा दिसतो तो त्यात मिसळलेल्या काजळीमुळे. तिने रबराला बळकटी येते. या काजळीच्या पुष्कळशा भागाऐवजी सिलिका घालण्याची पद्धत फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९९२ पासून मोटारीच्या टायरांत रूढ केली. त्यातील मर्म मोठे गमतीचे आहे. टायर नुसता फिरत असतो तेव्हा रबर सेकंदाला दहावीस वेळा चेपले जाते. पण ब्रेक दाबल्यावर ओल्या रस्त्याचे बारीक कंगोरे त्याला सेकंदाला हजारो वेळा हादरे देतात. सिलिकाचे रबर संथ चेपण्यात ऊर्जा कमी खाते आणि जलद हादऱ्यांत ती पुष्कळ खाते, म्हणजे पकड टिकवते. म्हणून 'कमी विरोधाचा टायर निसरडाच असणार' हा समज आज सरसकट खरा नाही. मात्र सिलिकाचे रबर महाग पडते. स्वस्त टायरवर केवळ 'इंधन बचत' असे छापलेले असेल, तर ती बचत कोणत्या मार्गाने साधली आहे हे विचारणे आवश्यक ठरते.

कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हे अधिक सांगायला नको. युरोपात टायरवर दर्जाचे लेबल आले तेव्हा ओल्या रस्त्यावरील पकडीच्या तेथील पहिल्या आणि शेवटच्या प्रतीत किती अंतर आहे हेही सांगितले गेले: ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक लावल्यास १८ मीटरपर्यंत. अठरा मीटर म्हणजे दीड एस.टी. गाडीची लांबी. वरंध घाटाच्या वळणावर या दीड गाडीचे मोल शंभर लिटर पेट्रोलमध्ये मोजता येणार नाही.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. प्रथम ओल्या रस्त्यावरील पकड पाहावी आणि तीत कमी प्रतीचे टायर बाजूला काढावेत. जे उरतील त्यांतून फिरण्याचा विरोध सर्वांत कमी असलेला निवडावा. हा क्रम उलटा करू नये.

कडेवरची लिपी

टायरच्या कडेवर बरीच अक्षरे उठवलेली असतात. ती वाचता आली तर अर्धे काम झाले. उदाहरणार्थ, '२१५/६० आर १७ ९६ एच'. यात २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९६ हा वजनाचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ एका टायरवर ७१० किलोपर्यंत भार चालतो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. संकरित मोटारीत बॅटरीचे वजन असते, म्हणून मूळच्याहून कमी भाराचा टायर कधीही घेऊ नये.

याखेरीज एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. '२३२५' असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक होत गेलेले असते. त्याची पकड कमी होते. काही टायरांवर 'ट्रेडवेअर', 'ट्रॅक्शन' आणि 'टेंपरेचर' अशी तीन मापेही असतात. ती अमेरिकी पद्धतीची असून टिकाऊपणा, ओल्या रस्त्यावरील पकड आणि उष्णता सोसण्याची शक्ती सांगतात. पण त्यांत फिरण्याच्या विरोधाबद्दल अवाक्षर नाही.

तो आकडा सांगण्याचे काम लेबलांनी केले. जपानमध्ये टायर उत्पादकांनी २०१० मध्ये अशी प्रतवारी सुरू केली. युरोपात ती २०१२ मध्ये सक्तीची झाली. युरोपच्या २०२१ पासूनच्या लेबलावर 'ए' ते 'ई' अशा पाच प्रती आहेत. मोटारीच्या टायरसाठी 'ए' म्हणजे टनामागे ६.५ किलो किंवा कमी, 'बी' म्हणजे ७.७ पर्यंत, 'सी' म्हणजे ९ पर्यंत आणि 'ई' म्हणजे १०.५ च्या वर. शेजारी ओल्या रस्त्यावरील पकडीचीही प्रत असते. भारतात २०२२ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून फिरण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा टायरांना लागू केल्या. फ्रिज आणि पंख्यांवर तारे देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने टायरांसाठीही ताऱ्यांची ऐच्छिक योजना आणली. ग्राहकाने तारे मागितले तरच दुकानदार ते दाखवील; म्हणून विचारणे हा आपला हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे.

दुकानात आणि दुकानानंतर

टायर कंपनीचे आणि जातीचे नाव तेच असले तरी कारखान्यातून आलेला टायर आणि बाजारात मिळणारा टायर यांचे रबर वेगळे असू शकते. म्हणून जुन्या टायरवरील पूर्ण नाव आणि आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि दुकानात नेमका तोच मागावा. तो मिळाला नाही तर त्याच मापाच्या टायरांची लेबले ताडून पाहावीत.

"एक माप रुंद घाला साहेब, गाडी भरलेली दिसते," हा सल्ला हसून नाकारावा. रुंद टायर जड असतो आणि हवेलाही अधिक अडतो. प्रियसच्या २०२२ सालच्या पाचव्या पिढीला टोयोटाने काही आवृत्त्यांत १९ इंची उंच चाके दिली, तरी टायरची रुंदी १९५ मिलिमीटरच ठेवली. यावरून काय ते ओळखावे.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत. बहुतेकांना हे उलटे वाटते. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. टायर किती झिजेपर्यंत वापरावा यालाही मर्यादा आहे. कायद्याने मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मुसळधार पावसाच्या प्रदेशात ३ मिलिमीटरलाच निरोप दिलेला बरा. मात्र केवळ अ‍ॅव्हरेजसाठी निम्मे आयुष्य उरलेले चांगले टायर फेकून देऊ नयेत. नव्या टायरच्या निर्मितीलाही तेल आणि ऊर्जा लागतेच.

नवे टायर घातल्यावर अ‍ॅव्हरेज थोडे उतरले तर लगेच कोणाला दोष देऊ नये. झिजलेल्या टायरचा थर पातळ असतो, म्हणून तो नव्यापेक्षा हलका फिरतो. शिवाय त्याचा घेरही कमी झालेला असतो. वर सांगितलेल्या मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे ३४५ मिलिमीटर भरते. ६ मिलिमीटर झीज म्हणजे पावणेदोन टक्के. तेवढे जादा किलोमीटर गाडीचा आकडा फुकट दाखवत असतो! म्हणजे जुन्या अ‍ॅव्हरेजचा काही भाग खोटाच होता.

शेवटची गोष्ट हवेची. तिला पैसे जवळजवळ पडत नाहीत आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. चारही टायरांत हवा एक पीएसआयने कमी झाली तर अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. पाच-सहा पीएसआय कमी असलेली हवा नजरेला कळत नाही, पण निवडून आणलेल्या टायरचा एक टक्का गिळून टाकते. चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर कंपनीने हवेचा आकडा दिलेला असतो. पंपावरील पोऱ्याने अंदाजाने सांगितलेला आकडा प्रमाण मानू नये. टायर थंड असताना, महिन्यातून एकदा हवा पाहावी. नायट्रोजनचे फार मनावर घेऊ नये. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

यंत्र कितीही हुशार असले तरी शेवटी ते रस्त्याला टेकते ते तळहाताएवढ्या चार ठिकाणी. तेथे काय घालावयाचे हे ठरवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे. लेबलावरची दोन अक्षरे, कडेवरचे चार आकडे आणि महिन्यातून एकदा हवा, एवढा अभ्यास त्यासाठी पुरे आहे. परीक्षेच्या मानाने हा अभ्यासक्रम फारच छोटा आहे. त्यात नापास होण्याचे कारण कोणालाही नाही.